साडेतीन अंशांचे पाणी

समुद्राचे पाणी घरात आणावे, ते काचेआड ठेवावे आणि त्यातील जिवांचे व्यवहार बसल्या जागी न्याहाळावेत, ही हौस मनुष्यजातीला जडून अद्याप दोन शतकेही झालेली नाहीत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गवेत्त्याचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पाहता पाहता इंग्लंडातील दिवाणखान्यांतून खाऱ्या पाण्याच्या टाक्या मांडण्याची अशी लाट उसळली की किनाऱ्यावरील खडकांच्या खळग्यांतले जीव लोकांनी अक्षरशः ओरबाडून नेले. वनस्पतींपासून पाण्याला प्राणवायू मिळतो एवढे त्या हौशी मंडळींना उमगले होते. परंतु वरवर नितळ दिसणारे पाणी आतून विषारी का होते याचा उलगडा होण्यास १८९० साल उजाडावे लागले. त्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने अमोनियावर उपजीविका करणारे जिवाणू वेगळे काढून दाखविले. तोवर ती लाट केव्हाच ओसरली होती.

माझा खाऱ्या पाण्याशी ऋणानुबंध जडला तो माशांच्या आधी मिठाच्या द्वारे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मीठ खात्यात कारकून होते आणि माझे बालपण उरणच्या मिठागरांच्या काठी गेले. मिठावरील कर १९४७ साली उठला तरी खाते राहिले, दफ्तरे राहिली, मोजदाद राहिली. आणि पौषापासून मृगाचा पाऊस तोंडावर येईपर्यंत अण्णांचा मुक्काम कचेरीपेक्षा बांधावरच अधिक असे. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी मोठ्या तळ्यात घ्यावयाचे, तेथून ते उथळ कप्प्यांतून उन्हात तापवीत पुढे पुढे सरकवावयाचे, आणि पुरते मुरले म्हणजे अखेरच्या वाफ्यांत मीठ धरू द्यावयाचे, असा तो क्रम. पाणी कोणत्या घडीला पुढे सोडावे याचा निवाडा आगरी कामकऱ्यांच्या नजरेने होई. त्याची रुजवात अण्णांच्या हातातील काचेच्या काट्याने होई.

हा काटा म्हणजे द्रवाची घनता मोजण्याचे साधे उपकरण. खाली शिशाचे छरे भरलेला फुगा, वर बोरूहूनही बारीक दांडा, आणि दांड्याच्या पोकळीत बोमे अंशांच्या रेघा आखलेली कागदाची पट्टी. या अंशांना तेथील लोक नुसते ‘डिग्री’ म्हणत. अण्णा उंच भांड्यात पाणी घेत, काटा पंच्याने कोरडा करीत, दोन बोटांत धरून हलकेच सोडीत आणि त्याचे डोलणे पुरते थांबेपर्यंत कोणाशी बोलत नसत. मग वाकून, डोळा पाण्याच्या पातळीशी आणून, ते रेघ वाचीत. दांड्याला चिकटून पाणी किंचित वर चढलेले असते, ती रेघ धरावयाची नाही, पृष्ठभाग सपाट असतो तेथली धरावयाची, हे त्यांनी मला अक्षरओळख होण्याच्या वयात शिकविले. समुद्राचे पाणी साडेतीन डिग्रीच्या आसपास भरते. पंचविसाच्या पुढे गेले की मीठ धरू लागते. आणि तिशीच्या घरात पोचले की उरलेले पाणी काढून टाकावे लागते, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार दाटलेले असतात आणि ते राहिले तर मीठ कडवट होते व सदा ओलसर राहते. अण्णा निवृत्त झाले तेव्हा एका मिठागरवाल्याने असाच एक काटा त्यांना भेट दिला. अण्णांच्या पश्चात तो माझ्याकडे आला.

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि शाळकरी वयातच मोऱ्याच्या बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मला ते पाहावयास मिळाले. खाडीचे पाणी मी तोवर गढूळच पाहिले होते, आणि मासा पाहिला होता तो कोळणीच्या टोपलीत किंवा जाळ्यात तडफडताना. पाण्याच्या पार तळापर्यंत नजर पोचावी आणि मासा आपल्याच तंद्रीत, कोणाला न भिता, समोरून जावा, हे दृश्य मला सर्वस्वी नवे होते. मी बराच वेळ त्या काचेपाशी उभा राहिलो, आणि अण्णांना विचारले ते एवढेच, की हे पाणी किती डिग्रीचे असेल. ‘साडेतीनचेच असणार,’ ते म्हणाले, ‘नाहीतर जगतील कसे?’

मधली वर्षे नोकरीत आणि प्रपंचात गेली. त्यांची कैफियत येथे देण्याचे प्रयोजन नाही. सेवानिवृत्तीनंतर ठाण्यास राहू लागलो. आमच्याच इमारतीतील एक गृहस्थ वारले, काही महिन्यांनी त्यांची मुलगी घर रिकामे करावयास आली, आणि तिने मला बोलावून बैठकीच्या खोलीतील टाकी दाखविली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर पाणी मावेल एवढी. ‘काका, काच चांगली आहे, तेवढी घेऊन जा,’ ती म्हणाली. ‘मासे मी खाडीत सोडून देते.’ तिच्या बोलण्यात निष्ठुरता मुळीच नव्हती. बंदिवानांना मोकळे करावे असाच तिचा भाव होता. परंतु प्रवाळाच्या परिसरात, समुद्रफुलाच्या आश्रयाने राहणारा क्लाउनफिश ठाण्याच्या खाडीच्या गाळात एक दिवसही काढणार नाही, आणि चुकून एखादा परमुलखातला जीव तगलाच तर त्याचे परिणाम याहून घोर होतात. हिंदी व प्रशांत महासागरांतील लायनफिश हा काटेरी मासा फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ साली प्रथम नोंदला गेला. हौशी लोकांनी सोडून दिलेल्या माशांपासून तो तेथे फैलावला असे मानले जाते, आणि आज त्या किनाऱ्यावरील मूळच्या लहान माशांचा तो काळ झाला आहे. मी टाकी घेतली ती माशांसकट.

त्यात क्लाउनफिशचे एक जोडपे होते, एक निळी डॅमसेल होती, आणि पाणी चहाच्या निवळीच्या रंगाचे होते. काठावर मिठाची पांढरी खपली धरली होती, दगडांवर केसाळ हिरवे शेवाळ माजले होते, वाळू जागोजागी काळवंडली होती. मी अण्णांचा काटा काढला, पाण्यात सोडला. तो साडेचारावर टेकला. समुद्राहून एक डिग्री अधिक! कारण उघड होते. उन्हाने, वाऱ्याने टाकीतील पाणी उडून जाते ते केवळ गोडे. मीठ मागेच राहते. ती तूट गोड्या पाण्याने भरावयाची असते, आणि गृहस्थ आजारी असताना ज्याने कोणी टाकीकडे पाहिले त्याने ती प्रत्येक वेळी खाऱ्या पाण्यानेच भरली असावी. म्हणजे त्या दिवाणखान्यात नकळत एक मिठागर चालले होते. पुढे रसायनाचे थेंब घालून रंग ताडून पाहिले, तेव्हा नायट्रेटचा रंग तक्त्यावरील शेवटच्या, सर्वांत गडद तांबड्या चौकोनाच्याही पलीकडे गेला, आणि पीएच भरला ७.७, समुद्राचा तो ८.२च्या आसपास असावा लागतो.

या दोन आकड्यांचे मूळ एकच आहे. माशांच्या कल्ल्यांतून व मलातून, न खाल्लेल्या अन्नातून अमोनिया निघतो, आणि तो विषारी असतो. दगडांच्या सच्छिद्र अंगावर व वाळूच्या कणांवर वसती करून राहिलेले एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते पुष्कळ सौम्य असते. परंतु नायट्रेटला बाहेर पडण्याची वाट बंद टाकीत जवळजवळ नसते; ते पाणी बदलून काढावे लागते. शिवाय या घडामोडीत आम्ल निर्माण होते आणि ते पाण्यातील कार्बोनेटांचा साठा खात जाते. म्हणून पाणी बदलले नाही तर एकीकडे नायट्रेट चढते आणि दुसरीकडे पीएच उतरतो. अशा टाकीतील पाणी हे एखाद्या दुर्लक्षित खात्यासारखे असते: त्यात न भरलेला प्रत्येक हप्ता नोंदलेला असतो आणि एकही बाकी माफ झालेली नसते.

एका दुकानदाराने मला सल्ला दिला की सर्व पाणी ओतून द्या, दगड नि वाळू नळाखाली धुऊन काढा, नवे पाणी भरा, दोन दिवसांत टाकी चकाचक होईल. सल्ला सद्हेतूने दिलेला होता, पण तो पाळता तर मासे मेले असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन दगडावरील जिवाणूंना मारते, आणि ते मेले की अमोनियाची वासलात लावणारे कोणी राहत नाही. दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. उतरलेल्या पीएचच्या पाण्यात अमोनियाचा फार मोठा भाग अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो, पीएच ७.७वरून एकदम ८.२वर नेला तर त्याच पाण्यातील मोकळा, विषारी अमोनिया सुमारे तिप्पट होतो. म्हणजे सुधारणा जितक्या तातडीने करावी तितकी ती घातक. दीर्घकाळ वाईट पाण्यात राहिलेल्या जिवाने आपले शरीर त्या वाईटपणाशी जुळवून घेतलेले असते, आणि चांगुलपणादेखील त्याला मात्रेमात्रेनेच द्यावा लागतो.

म्हणून टाकी हलविताना बरेचसे जुने पाणी मी डब्यांतून बरोबर आणले आणि दगड त्याच पाण्यात बुडवून ठेवले. वाळू मात्र बहुतेक टाकून दिली. ती उपसताना तळच्या काळ्या थराचा दर्प आला, आणि क्षणभर मी उरणच्या खाजणात, ओहोटीच्या वेळी चिखल तुडवीत असल्याचा भास झाला. कारण तो वायू तोच, प्राणवायू न पोचणाऱ्या गाळात कुजण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड. तो पाण्यात मिसळला तर माशांना प्राणघातक. तेव्हा वाळू उपसावयाची ती मासे बाहेर काढल्यावरच.

नव्या पाण्याची तजवीज करताना मला अण्णांच्या वाफ्यांची वेगळ्याच रीतीने आठवण झाली. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्याचे पाणी टाकीत घालण्याच्या लायकीचे नाही, आणि स्वयंपाकाचे मीठ तर त्याहून नाही. कारण मिठागरात जे कडू पाणी काढून टाकावयाचे असते, त्यातील मॅग्नेशियमवाचून समुद्र समुद्र राहत नाही. समुद्राच्या एका लिटरात सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि ही सर्व द्रव्ये योग्य प्रमाणात मिसळलेले तयार मीठ आता विकत मिळते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, तेही गाळणयंत्रातून क्षारविरहित केलेल्या पाण्यात. खारटपणा उतरविण्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. उडून गेलेली तूट रोज गोड्या पाण्याने भरीत आणि जुन्या पाण्याच्या जागी थोडेथोडे हे नवे पाणी घालीत गेलो, आणि काटा तिळातिळाने वर येण्याऐवजी खाली बसू लागला. घनता घटते तसा काटा अधिक बुडतो, हे जाणणाऱ्यास सांगणे नको. ज्या दिवशी तो साडेतीनाच्या रेघेला आला, त्या दिवशी आधुनिक उपकरणानेही पडताळून पाहिले, त्याने १.०२५ दाखविले, आणि गणिताने ते बरोबर साडेतीन डिग्रीच होतात.

नायट्रेटची थकबाकी मात्र अशी सहजासहजी वसूल होत नाही. दर खेपेस पाण्याचा दहावा हिस्सा बदलला तर दर खेपेस उरलेल्या नायट्रेटचाही दहावाच हिस्सा जातो, आणि ते निम्म्यावर येण्यास सात खेपा लागतात. दरम्यान दगड आपल्या पोटात साठविलेला फॉस्फेट हळूहळू पाण्यात सोडत राहतात आणि शेवाळ काढले तरी पुन्हा उगवते. या कामी मला फेस काढणाऱ्या यंत्राचा, स्किमरचा, फार उपयोग झाला. उभ्या नळीत अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले की पाण्यातील कुजकट सेंद्रिय द्रव्ये त्यांच्या अंगाला चिकटतात, फेस होऊन वर चढतात आणि पेल्यात गोळा होतात. समुद्राच्या कडेला लाटांच्या माऱ्याने पिवळसर फेस साचतो तो याच न्यायाने. पहिल्या आठवड्यांत पेल्यात जो काळपट, दुर्गंधी रस जमे, तो पाहून हे सर्व त्या तीन लहान जिवांच्या श्वासातून जात होते या विचाराने अंगावर काटा येई.

जुन्या दगडांखेरीज मी दुसरा जिवंत दगड किंवा प्रवाळ आणले नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले आहे. ते बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे, आणि तो तसा असावा हेच मला योग्य वाटते. गॉसच्या काळच्या खडकांची जी दशा झाली ती मालवणच्या वा मन्नारच्या आखाताच्या प्रवाळांची होऊ नये. क्लाउनफिशची गोष्ट निराळी. मंडपमसारख्या केंद्रांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करून दाखविली आहे, आणि समुद्राला धक्का न लावता हा मासा आता मिळू शकतो.

पावसाळा सरता सरता पाण्याचा पिवळेपणा गेला, पीएच ८.१वर स्थिरावला, आणि एके संध्याकाळी जोडप्यातील नर एका दगडाचा वीतभर भाग तोंडाने घासून स्वच्छ करीत असलेला दिसला. या जातीत मादी आकाराने मोठी असते, आणि ती मेली तर नरच पुढे मादी होतो. दुसऱ्या दिवशी त्या जागी नारिंगी अंड्यांचा ठिपका होता, आणि नर पंखांनी त्यांना सारखे वारे घालीत होता. पिल्ले वाढविणे मला साधले नाही, त्याला लागणारे सूक्ष्म खाद्य आणि वेगळी टाकी माझ्यापाशी नव्हती; परंतु पाणी नीट झाल्याची याहून भक्कम साक्ष कोणत्याही रंगतक्त्याने दिली नसती.

ज्यांच्या घरी अशी टाकी अडगळीत पडली असेल आणि ती विकावयाची असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे: ती आतील जिवांसकट, जुन्या दगडांसकट आणि निदान निम्म्या जुन्या पाण्यासकट द्या, आणि ते पाणी शेवटचे कधी बदलले होते हे घेणाऱ्याला खरे सांगा.