पितळी जिभांची पेटी

आजोबांची पेटी दुरुस्तीला टाकली आणि तेव्हापासून घरात मी दुसरं काही बोलतच नाहीये. जेवताना तेच, फोनवर तेच. कारण पेटीच्या पोटात काय असतं ते मी पाहिलं! वर्षानुवर्षं कार्तिकी एकादशीला, गणपतीच्या आरतीला, शाळेच्या गॅदरिंगला ही पेटी ऐकतोय आपण, आणि आवाज नेमका येतो कुठून, हे कुणी कधी सांगितलं नाही म्हणजे काय!

कारागीर काकांनी स्क्रू काढले, पट्ट्यांची अख्खी चौकट उचलून बाजूला ठेवली आणि खालची फळी अलगद उलटी केली. फळीवर ओळीने पितळ चमकत होतं. एका टोकाला बोटाएवढे लांब तुकडे, आणि कमी कमी होत दुसऱ्या टोकाला जेमतेम पेराएवढे. साडेतीन सप्तकांच्या ४२ पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली दोन, म्हणजे ८४ रीड. काका त्यांना सरळ ‘सूर’ म्हणतात. “हा सूर बसलाय, तो सूर काढून द्या इकडे.” त्यांनी खरोखरच एक सूर काढून माझ्या तळहातावर ठेवला.

आता हा सूर म्हणजे काय, तर एक जाडसर पितळी पट्टी, तिच्यात एक लांबट चीर, आणि त्या चिरेवर एका टोकाला रिव्हेट ठोकून बसवलेली पातळ पितळी जीभ. बस्स, एवढंच! जीभ चिरेपेक्षा केसभर अरुंद असते, त्यामुळे ती चिरेतून आरपार ये-जा करते आणि कडांना शिवत नाही. डोळ्याजवळ धरून उजेडाकडे पाहिलं तर जिभेच्या तिन्ही बाजूंनी उजेडाची एक बारीक रेघ दिसते. काकांच्या लेखी पेटीची सगळी किंमत त्या रेघेत आहे. फट जास्त झाली तर वारा फुकट जातो आणि सूर आळशी होतो. कमी झाली तर जीभ कडेला घासते आणि सूर किरकिरतो.

मी नखाने जीभ छेडली. “टिक्.” शेजारी उभ्या असलेल्याला ऐकू गेलं नसतं. तोंडाला लावून फुंकणार, तोच काका ओरडले, “ताई, फुंकू नका, तोंडाची वाफ पितळाला चांगली नाही!” त्यांनी तो सूर छोट्या भात्याच्या भोकावर दाबून धरला, भाता हलवला आणि दुकान भरून गेलं! तोच पितळेचा कपटा, तीच जीभ, आणि हा एवढा आवाज? म्हणजे पितळ वाजतच नाहीये! घंटा वाजते तसं ते वाजत नाही. जीभ फक्त वाऱ्याच्या वाटेत आत-बाहेर करते, चीर उघडते, मिटते, उघडते, मिटते, आणि सलग येणाऱ्या वाऱ्याचे तुकडे पाडते. मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाला सेकंदाला ४४० वेळा. आपण ऐकतो तो त्या तुकड्यांचा आवाज. हे कळल्यावर मला दुकानातल्या दुकानात एक चक्कर मारावी लागली.

आणि वारा कुठूनही आला तर चालत नाही, बरं का. जीभ ज्या बाजूला बसवलीय त्या बाजूने आला तरच ती डोलायला लागते. काकांनी सूर उलटा धरून दाखवला, तर नुसतं फुस्स.

खरी जादू मात्र सूर मिळवताना दिसते. काकांनी जिभेखाली पातळ पत्रा सरकवला आणि एका टोकदार हत्याराने जिभेच्या मोकळ्या टोकाला दोनदा खरवडलं. पितळेची इतकी बारीक भुकटी निघाली की बोटावर घेतली तर नुसता पिवळा डाग पडला. सूर चढला! मग रिव्हेटजवळ, म्हणजे जिभेच्या मुळाशी खरवडलं. सूर उतरला! टोक हलकं झालं की जीभ लगबग करते. मूळ पातळ झालं की तिचा ताठा कमी होतो आणि ती मंदावते. एकाच जिभेची दोन टोकं, एकाच हत्याराने खरवडलेली, आणि परिणाम नेमके उलटे. शाळेत लंबकाचं गणित सोडवण्यापेक्षा हे दाखवलं असतं तर आमचा अख्खा वर्ग विज्ञानाला गेला असता.

एका पट्टीखालचे दोन सूर एकमेकांशी जुळवणं हा आणखी वेगळा सोहळा. खर्ज, नर आणि मादी अशा वेगवेगळ्या सप्तकांच्या ओळी असतात. आमची पेटी खर्ज-नर. पण काकांकडे एक नर-नर पेटीही होती, म्हणजे दोन्ही ओळी एकाच सप्तकातल्या. त्यांनी मुद्दाम एक सूर किंचित ढिला ठेवून पट्टी दाबली आणि आवाज लाटांसारखा वर-खाली व्हायला लागला. एक ४४० आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला बरोब्बर दोन लाटा. काका डोळे मिटून लाटा मोजत होते आणि खरवडत होते. लाटा लांबत गेल्या, लांबत गेल्या आणि विरल्या. यंत्र नाही, ॲप नाही. खिशात माझा फोन होता, त्यात सूर मोजणारं ॲपही होतं. ते बाहेर काढायची मला लाज वाटली.

घरी येऊन वाचत सुटले. अशा मोकळ्या जिभेची वाद्यं मुळात पूर्व आशियातली! चीनमध्ये ‘शंग’ नावाचं बांबूच्या नळ्यांचं तोंडाने वाजवायचं वाद्य फार जुनं आहे. अठराव्या शतकात युरोपाला त्याचं कुतूहल लागलं, १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅंने हार्मोनियम हे नाव आणि रूप पक्कं केलं, आणि पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता पाठीमागे हातापाशी आणून ती मांडी घालून बसणाऱ्यांच्या मापाची केली. आज पितळी सूर घडवण्यात गुजरातमधल्या पालिताण्याचं नाव आहे. आपल्या संगीत नाटकातला तो पायांनी चालवायचा ऑर्गन? त्यातही जिभाच! फक्त तिथे भाता वारा ढकलत नाही, ओढून घेतो.

क्लॅरिनेटची रीड वेगळ्याच घरातली. ती अरुंडो डोनॅक्स नावाच्या बोरूसारख्या वेताची, तिचं नावाजलेलं पीक दक्षिण फ्रान्समधल्या वार भागातलं, आणि ती वाद्याच्या तोंडावर आपटत वाजते. सनईत दोन पात्या एकमेकींवर आपटतात, शिवाय त्या वादकाच्या ओठांत असतात, म्हणून सनई हवी तशी वाकते. पेटीतली जीभ कशावरच आपटत नाही आणि कुणाच्या ओठांतही नसते. तिला जे खरवडून शिकवलं तेवढंच ती बोलणार.

यावरूनच तर केवढं रामायण झालंय! मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सूर शास्त्रशुद्ध नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप अगदीच हवेतला नव्हता. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर पेटीचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा जवळजवळ चौदा भाग चढा असतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, नोकरीने डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० मध्ये सप्तकातल्या बावीस सूक्ष्म सुरांवर, म्हणजे श्रुतींवर, पुस्तक लिहिलं आणि पाठोपाठ श्रुतींची हार्मोनियम तयार करवून घेतली. आपल्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली. आणि मधल्या काळात गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारखी माणसं त्याच हट्टी जिभांवर भाता असा सांभाळत आली की मींड नाही हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये. माझ्या मते बंदीला याहून सणसणीत उत्तर नाही.

पण थांबा, कालच आणखी एक सापडलं! भाच्याचा माउथ ऑर्गन उघडला. दहा भोकं, प्रत्येक भोकाला दोन जिभा, एक फुंकल्यावर बोलणारी, दुसरी ओढल्यावर. आणि वाजवणारे तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून सूर चक्क खाली वाकवतात, कारण त्या क्षणी भोकातल्या दोन्ही जिभा एकमेकींच्या कामात लुडबुड करतात. म्हणजे मोकळ्या जिभेतूनही मींड निघते! मी धावत काकांकडे गेले. पेटीच्या एकेका भोकावर असे दोन उलटसुलट सूर बसवले, वारा आलटून पालटून ढकलायची आणि ओढायची सोय केली, तर? काकांनी चष्मा कपाळावर चढवला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, तुमची पेटी कधीची तयार आहे. ती आधी घेऊन जा.”