वरून पेरलेलं मीठ

पास्त्याचं पाणी समुद्राइतकं खारट हवं, असं शिकवणारे पुष्कळ भेटतात. समुद्रात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. तसा पास्ता कुणाला गिळवणार नाही. इटलीतला घरगुती हिशेब 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ, असा आहे. पण ज्याचं मीठ डॉक्टरांनी तोडलंय, त्याला तोही परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. आता बरंचसं मीठ पाण्याबरोबर मोरीत जातं हे खरं, पण पास्त्यात किती मुरलं ते घरी मोजणार कसं? म्हणून मी पाणी अळणीच ठेवते. सुका पास्ता म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, त्यात मीठ नसतंच. इथपर्यंत मिठाच्या हिशेबाची वही कोरी.

खरी परीक्षा सॉसची. जेनोव्हाच्या पेस्तोत बेझिल, लसूण, चिलगोझ्यासारखे पाइन नट्स आणि ऑलिव्ह तेल यांच्याबरोबर दोन प्रकारचं मुरलेलं चीज असतं, आणि खारटपणा मुख्यतः त्या चीजमधून येतो. जाड मीठही पडतं, पण ते चवीपुरतं नाही; संगमरवरी खलात पानं त्याच्याच खरखरीवर वाटली जातात. मी चीज आणि मीठ दोन्ही काढते, तेव्हा ती खरखर दुसरीकडून आणावी लागते. खमंग भाजलेले अक्रोड आणि लसूण आधी भरड कुटायचे, मग त्यावर पानं. जेनोव्हाचा माणूस याला पेस्तो म्हणणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

मिक्सर लावला तर पातं तापतं, पानं काळवंडतात. लिंबाची किसलेली साल भरपूर घालते, रस मात्र अगदी शेवटी, कारण आंबटानं हिरवा रंग मळतो. मीठ नसलं की शिळं पान, खवट अक्रोड लगेच जिभेला कळतात. दुकानात मी हल्ली अक्रोड चाखल्याशिवाय घेत नाही, दुकानदाराला आवडो न आवडो.

अळणी पाण्याचा एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. खारट पाणी सॉसमध्ये जपून घालावं लागतं. हे अळणी पाणी मी वाटीभर ओतते. त्यातल्या पिठूळपणानं तेल आणि पाणी मिळून येतात, सॉस पास्त्याला धरून बसतो. हे मात्र गॅस बंद करून, नाहीतर बेझिलचा वास वाफेवर जातो.

मग ताटलीत वाढल्यावर जाड मिठाची चिमूट, फार तर अर्धा ग्रॅम, म्हणजे सुमारे 200 मिलिग्रॅम सोडियम. आत मुरलेल्यापेक्षा वर पेरलेलं मीठ जिभेला आधी भेटतं, थोडक्यात भागतं. पोटॅशियमवालं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर ते घातक ठरतं. आणि चिमूट पडली की लगेच जेवायला बसा; खडे विरघळले की पुन्हा मीठ मागाल.