मागच्या गल्लीतला फोन

काही चित्रपट रडवतात आणि बाहेर पडताच विसरतात. 'बॅक स्ट्रीट'चे माझ्या बाबतीत तसे झाले नाही. फॅनी हर्स्ट या अमेरिकन लेखिकेच्या कादंबरीवरून जॉन स्टाल यांनी तो १९३२ साली काढला. पुढे १९४१ आणि १९६१ साली हीच कथा पुन्हा पडद्यावर आली. पण माझ्या मनात राहिली ती पहिल्या चित्रपटातली आयरीन डन.

कथा साधीच. सिनसिनाटीची रे श्मिट. आवडत्या माणसाच्या आईला भेटायला तिला बागेत जायचे असते, तिथे बँड वाजत असतो. बहिणीच्या संकटापायी तिला उशीर होतो आणि भेट हुकते. काही वर्षांनी तो न्यूयॉर्कमध्ये भेटतो, तेव्हा त्याचे लग्न झालेले असते. मग त्याने घेऊन दिलेली छोटीशी जागा, आणि त्याची वाट पाहण्यात सरलेले आयुष्य.

तरुणपणी मी तिच्यावर चिडलो होतो. चांगली नोकरी होती, शहाणपण होते. मग ही बाई अशी का राहिली?

काही वर्षांपूर्वी माझा एक जिवलग स्नेही वारला. तेराव्यानंतर एका बाईंचा फोन आला. नाव त्यांनी सांगितले नाही. "शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना?" एवढेच विचारले.

"नाही. झोपेतच गेला," मी म्हणालो. ते खरे नव्हते.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग "बरं" म्हणून फोन ठेवला गेला.

त्या रात्री मला चित्रपटाचा शेवट आठवला. मरणाच्या दारातला बाप मुलाला तिचा नंबर फिरवायला सांगतो. ज्या मुलाने तिचा तिरस्कार केला, तोच फोन लावतो, आणि तिचा आवाज ऐकत बाप प्राण सोडतो. या बाईंसाठी तेवढेही कोणी केले नव्हते. करणार कसे? नंबर आम्हांला कुठे ठाऊक होता!

वहिनींना मी हे अजून सांगितलेले नाही. त्या स्नेह्याच्या आठवणी सांगू लागल्या, की मी चहाच्या कपात पाहत बसतो. माणूस जातो, गुपित मात्र मागे राहते. कुणीतरी ते सांभाळावे लागते. चित्रपटात ते त्या मुलाकडे आले. इथे माझ्याकडे.

रेवर मी आता चिडत नाही.