बाल्टिकचा वाटाड्या

टोमास ट्रान्सट्रोमर या स्वीडिश कवीचे आजोबा, आईचे वडील, जहाजांचे पायलट होते. स्टॉकहोमसमोरच्या बेटांच्या गर्दीतून परकी जहाजं सुखरूप आत-बाहेर नेणं हे त्यांचं काम. दिनदर्शिकेत ते मोजकंच टिपून ठेवत: जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, कुठून कुठे, आणि तळ पाण्यात किती फूट. नातवाने १९७४ सालच्या दीर्घकवितेत, जिला इंग्रजी वाचक 'बाल्टिक्स' म्हणून ओळखतात, १८८४ सालच्या त्या नोंदी घेतल्या. त्यांवर ना अलंकार चढवला, ना उसासा टाकला. त्या कोरड्या नोंदींनी मला येतं तसं भरून क्वचितच येतं, आणि त्याचं कारण वसईत आहे.

पाचूबंदरच्या तांडेलाला विचारा, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा यंदाच्या पावसाळ्यानंतर कुठे सरकलाय. तो पाण्याच्या रंगाकडे बघेल आणि सांगेल, ओहोटीला किती वाव पाणी राहील तेही सांगेल. ही विद्या बापाकडून आलेली, कुठल्या दिनदर्शिकेत न लिहिलेली. अशी माणसं रोज दिसणाऱ्या गावात रुनमारो बेटावरचा तो पायलट आजोबा परका वाटत नाही. मधे इंग्रजी आहे हेही विसरायला होतं. सॅम्युएल चार्टर्स आणि रॉबिन फुल्टन, दोघांचीही भाषांतरं मी जवळ ठेवतो. एकाच्या ओळीशी अडलो की दुसऱ्याकडे जातो.

त्याच कवितेत गॉटलंड बेटावरचं चर्च आहे, बाप्तिस्म्याचं बाराव्या शतकातलं दगडी कुंड आहे, आणि कुंडावर ते घडवणाऱ्या पाथरवटाचं नाव: हेगवाल्ड. वसई किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पोर्तुगीज थडग्यांचे दगड जमिनीत बसवलेले आहेत. वर छप्पर नाही. पावसाळ्यात कोरीव अक्षरांत शेवाळ भरतं. नावं आहेत ती पुरलेल्यांची. कमानी उभारणाऱ्या हातांची नावं मला तिथे कुठे दिसली नाहीत. किल्ल्यातल्याच सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचा गोल जिना चढताना हेगवाल्ड हटकून आठवतो.

कवितेच्या पाचव्या भागात एक संगीतकार येतो. पक्षाघाताने वाचा गेलेली, तरी रचना चालूच. १९९० मध्ये ट्रान्सट्रोमरवर नेमकी हीच वेळ आली. बोलणं जवळजवळ संपलं, उजवा हात गेला. तो डाव्या हाताने पियानो वाजवत राहिला. १९९६ मध्ये नवा संग्रह आला, २०११ मध्ये नोबेल. स्वतःच लिहिलेली ओळ सोळा वर्षांनी अंगावर यावी! तो भाग आला की मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसतो.

वसईला भाषांतराचं नवल नाही. इथे घरात कादोडी बोली आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी बोलत माणसं मोठी होतात. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी तर 'सुबोध बायबल' मराठीच्या हाती दिलं. म्हणून एक मागणं आहे. स्वीडिश जाणणाऱ्या मराठी कवीने ही कविता थेट मुळातून आणावी. आणि लिहायला बसण्याआधी चार दिवस पाचूबंदरला यावं, तांडेलांच्या शेजारी बसून ऐकावं. वाळूचे, वाऱ्याचे, भरती-ओहोटीचे लागतील ते सगळे शब्द त्यांच्याकडे आहेत.