चोच पिसांत खुपसलेलं बदक

निफाडचा पारा ५ अंशांखाली उतरला की द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात आणि आम्ही पक्षिनिरीक्षक नांदूरमधमेश्वरच्या पाणथळाची वाट धरतो. यंदा चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण डोळ्याला लावली आणि हात थरथरू लागला. ही थरथर थंडीची नाही, वयाची. उन्हातही थांबत नाही. १० पटींची दुर्बीण ठेवून दिली, ८ पटींची घेतली. दिसतं लहान, पण हलत नाही.

त्यामुळे माझं जुनं दुखणं आणखी वाढलंय. ते म्हणजे झोपलेली बदकमादी.

कडाक्याच्या थंडीत बदक पिसं फुलवतं, एक पाय पोटाशी घेतं, मान मागे वळवून चोच पाठीत खुपसतं. ऊब निसटते त्या उघड्या जागा झाकायच्या, एवढाच त्याचा हिशेब. नेमकी तिथेच आमची ओळख अडते. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच गेली, तलवार बदकाची लांब मान गेली, गडवालच्या चोचीची नारिंगी कड गेली. नर रंगावरून सापडतो. माद्या मात्र सगळ्या तपकिरी, ठिपकेदार, फुगलेल्या.

मग उरते शेपटी आणि कूस. तलवार मादीची शेपटी झोपेतही टोकदार राहते. गडवालच्या मिटल्या पंखावर पांढरा चौकोन असतो, पण कुशीवरचं एखादं पीस सरकलं तरच तो डोकावतो. त्या एका पिसासाठी मी सबंध सकाळ बसून काढतो. थव्याच्या कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतात. अर्धा मेंदू निजलेला, अर्धा जागा. तो डोळा दुर्बिणीत आला की कळतं, त्यानं आपल्याला केव्हाच हेरलंय.

२०२० साली हे पाणथळ रामसर यादीत आलं, राज्यातलं पहिलंच. आता मोठाल्या लेन्सवाली मंडळी येतात. त्यांना उडतं बदक हवं असतं. टाळ्या वाजवून थवा उठवतात. उडताना पांढरा चौकोन लख्ख दिसतो, हे खरं. पण गोठत्या पहाटे रात्रभर जपलेली ऊब त्या जिवानं फोटोपायी का जाळायची? याला मी पक्षिनिरीक्षण म्हणत नाही.

गर्व मलाही आहे. सगळे गप्प असताना ‘डावीकडून तिसरी, तलवार, मादी’ असं म्हणावं आणि तिनं मान काढताच ते खरं ठरावं, या सुखासाठी मी इतके हिवाळे कुडकुडलोय. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत जात न ओळखलेल्या बदकांची नोंद करणं माझ्या जिवावर येतं. यंदा वही माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीकडे होती. तिनं शांतपणे ‘बदक, जात अनिश्चित’ असं लिहिलं. म्हणाली, ‘‘काका, उन्हं वर आली की चोची काढतीलच की!’’

मोजणीच्या शिस्तीत तिचं बरोबर आहे. पण उन्हं वर आल्यावर थापट्या कुणीही ओळखेल. मला तो झोपेतच ओळखायचाय, आणि ही थंडीची लाट ओसरायच्या आत.