सार्वजनिक भांड्यांची वही

एके काळी पुण्याच्या पेठांतून कार्य निघाले की मुहूर्ताइतकीच चिंता भांड्यांची असे. घरात पाच-सात माणसांपुरती पातेली, आणि पंगत दोनशे पानांची! कार्यालय परवडण्याजोगे नसले की मांडव वाड्याच्या चौकातच पडे. अशा वेळी अडू नये म्हणून काही वाड्यांनी वर्गणी काढून तांब्या-पितळेची सार्वजनिक भांडी करून ठेवली होती. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातही ती होती, आणि त्या खोलीची किल्ली माझ्या आजोबांच्या जानव्याला असे.

आजोबा मिलिटरी अकौंट्समध्ये कारकून. दिवसभर सरकारचा हिशेब, संध्याकाळी वाड्याचा. भांडी जिन्याखालच्या खोलीत आणि त्यांची लांबट वही माळ्यावर. वहीत पाच रकाने : वस्तू, कोणी नेली, केव्हा, परत केव्हा आणि शेरा. दोन पायली भाताचे तपेले, परात, झारा, ओगराळे, वाढपाच्या बादल्या, सतरंज्या. लग्न, मुंज, बारसे आणि तेराव्याचे जेवण, सगळे त्याच वहीत. भाडे नाही. भांडे घासून परत आले पाहिजे, ही एकच अट.

वर्षातून दोनदा कल्हईवाला चौकात बसे. तापलेल्या भांड्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठे, मग कथील वितळे आणि बोळ्याच्या एका फिरकीसरशी काळवंडलेले पातेले चांदीसारखे होई. आम्हा मुलांना ती जादू वाटे. आजोबा मात्र प्रत्येक भांडे उजेडात धरून आतून पाहत. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी कळकते आणि कळकलेले अन्न बाधते. "शंभर माणसं विश्वासानं पानावर बसतात रे," ते म्हणत. लोकसेवा हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. कल्हईची चौकशी मात्र नेहमी ऐकली.

या वहीची खरी परीक्षा माझ्या जन्माआधी झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मातीच्या भिंतींचे वाडे बसले. आमचा निम्मा उभा राहिला. पाणी ओसरल्यावर आजोबांनी शेजाऱ्यांसह जिन्याखालचा गाळ उपसला. नऊ भांडी हाती लागली, बाकीची नदीने नेली. चिंच आणि राख लावून ती घासली आणि चौकात चूल मांडली. वीज नव्हती, नळ कोरडे होते, आणि शेजारची बिऱ्हाडे उघड्यावर आली होती. भात कशात शिजवायचा? मोठे तपेले गेले होते.

माळ्यावर एकच मोठे पातेले वाचले होते. ते आजीच्या माहेरचे, तिचे नाव घातलेले. आजोबांनी ते मागितले आणि आजीने दिले. भात शिजला, दिवस निभावले. पण पातेले जिन्याखालच्या खोलीत गेले ते गेलेच. नंतर त्यात किती लग्नांचा भात शिजला याची गणती नाही. आजीच्या मुलीच्या लग्नात मात्र ते दुसऱ्याच घरी गेलेले होते!

आजी बोलली नाही असे नाही. "ह्यांना साऱ्या पेठेची पातेली दिसतात, घरची चूल दिसत नाही," हे मी कितीदा तरी ऐकले आहे. त्यात खोटे काही नव्हते. रात्री-अपरात्री कोणी दार वाजवी, आजोबा सदरा चढवून बाहेर पडत आणि त्यांचे ताट झाकून बसायचे काम आजीकडे राही. लोकांच्या माणसाचा मान लोक करतात. त्याची किंमत घरातले कोणी तरी मोजत असते, आणि आमच्या घरी ती आजीने मोजली.

पुढे लग्ने कार्यालयांत गेली, स्टेनलेस स्टील आले, कल्हईवाला दिसेनासा झाला. १९९१ साली वाड्याने सारी भांडी एका विद्यार्थी वसतिगृहाला दिली. आदल्या दिवशी आजोबांनी एक पातेले बाजूला काढले, कोठून तरी कल्हई करून आणले आणि आजीसमोर ठेवले. मग वही उघडून दाखवली. जुलै १९६१ च्या पानावर लिहिले होते : 'पातेले एक, सौ. कडून उसने. परत करणे आहे.' तीस वर्षे रिकाम्या असलेल्या रकान्यात त्यांनी त्या दिवशीची तारीख घातली.

आजी बराच वेळ पातेल्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवीत राहिली. मग म्हणाली, "आता एवढ्यात शिजवू कोणासाठी?" त्या दिवाळीत चिवडा त्याच पातेल्यात कालवला गेला आणि वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात पोचला. वाटायला आजी स्वतः गेली.

आजोबा १९९६ साली गेले. ती वही आज माझ्याकडे आहे. तीत काही ओळींसमोर 'परत' चा रकाना कोराच आहे, आणि शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिले आहे : 'घरी अडचण. मागू नये.' हिशेबाला इतक्या पक्क्या माणसाने ही येणी अशी सोडून दिली. मात्र तिथे नावाच्या जागी नुसते एक टिंब आहे. वही पुढे कोणाच्या हाती पडेल, याचाही विचार त्यांनी करून ठेवला होता.