आत्या घोडा, आजी रानडुक्कर

धाकटा भाऊ सिंगापूरला नोकरीला आहे. फेब्रुवारीत त्यानं घरच्या ग्रुपवर तिथल्या चायनाटाउनचा फोटो टाकला, लाल कंदील आणि उधळलेले घोडे, आणि खाली लिहिलं, 'आत्याचं वर्ष सुरू झालं.' वाशिममध्ये कोणाला काही कळलं नाही. रात्री आत्यानं फोन लावला तेव्हा त्यानं उलगडा केला. चिनी पंचांगात बारा वर्षांना बारा जनावरं वाटून दिलेली आहेत: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. १७ फेब्रुवारी २०२६ला घोडा लागला. आत्या १९६६ची, तेव्हाही घोडाच. शिवाय या बारांना लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी अशा पाच तत्त्वांची जोड असते, त्यामुळे 'अग्नी-घोडा' हे नेमकं वर्ष साठ वर्षांनीच फिरून येतं.

आपलीही संवत्सरं साठच. गुढीपाडव्याला पराभव संवत्सर लागलं, तेही १९६६ नंतर आत्ताच. म्हणजे दोन्ही पंचांगांच्या हिशेबानं आत्याची साठी भरत होती. आमच्याकडे षष्ट्यब्दी करतात ती पुरुषांची. बाईची साठी ही निवृत्तीच्या कागदांपुरती. आत्या अंगणवाडीत होती, तिला तेवढंही नीट मिळालं नाही असं माझं मत आहे. म्हणून मी ठरवलं की तिच्यासाठी एक मोठं भिंतीवरचं कापड शिवायचं, त्यावर घरातला जो तो आपल्या जनावराच्या रूपात. अट एकच. नवं कापड आणायचं नाही, ज्याचं जनावर त्याच्याच जुन्या कपड्यातून कापायचं.

मुहूर्तही बरा लागला. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, माणसं घरी सापडतात, आणि आत्याही माहेरी आली. (चिनी लोकांनाही आपल्यासारखा अधिक महिना धरावा लागतो. त्यांचा गेल्या वर्षीच होऊन गेला.)

पहिली अडचण कापडाची नव्हती, वर्षांची होती. बाबा आणि आत्या दोघांचीही शाळेतली जन्मतारीख १ जून. नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, आणि त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. पण चिनी हिशेबाला तारीख फारशी लागत नाही, वर्ष कळलं की झालं, आणि वर्षं आमच्याकडे लोकांच्या चांगली लक्षात असतात. बाबा बहात्तरच्या दुष्काळातले. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायची तेव्हा ते पोटात होते, हिवाळ्यात झाले. १९७२ म्हणजे उंदीर. आई १९७५ची, ससा. भाऊ २०००चा, ड्रॅगन. मी १९९८ची, वाघ. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि महिन्याभरानं मी झाले, म्हणजे जिल्ह्याचं आणि माझं जनावर एकच.

राहिली आजी. तिला एवढंच ठाऊक, "गांधीबाबाले मारलं तवा मी पायन्यात होती." ३० जानेवारी १९४८. त्या साली चिनी नवं वर्ष लागलं १० फेब्रुवारीला, म्हणजे गांधीजी गेले तेव्हा आधीचंच वर्ष चालू होतं आणि पाळण्यातली पोर त्याच वर्षातली धरायला हवी. मोबाइलवर पाहिलं आणि मी गप्प बसले. डुक्कर.

आमच्या शिवारात रानडुकराइतकं दुसऱ्या कुठल्या जनावराचं नाव निघत नाही. एका रात्रीत भुईमूग उकरतात, तूर आडवी करतात. आजीची निम्मी लुगडी त्यांच्यामुळेच घरात नाहीत, ती धुऱ्यावर खुंटांना बांधलेली आहेत, कारण फडफडणाऱ्या कापडाला डुकरं बिचकतात असं सगळे मानतात. तिला सांगावं कसं, यावर आईनं सुचवलं की वराह अवतार म्हण. मी तसं म्हटलं. आजीनं अवतार बाजूला सारला. "डुक्कर त डुक्कर. पन रानातलं कर, गावातलं नोको. आन सुळे दे."

मग तिनंच बाबांना शेतात पाठवून धुऱ्यावरचं एक लुगडं सोडवून आणलं. उन्हानं विटून त्याच्यावर आडवे पट्टे पडले होते, घडीच्या आतली जागा मात्र अजून गर्द हिरवी. ते दोनदा धुऊन, दुहेरी करून खाली अंथरलं, गोधडीला घालतात तसं. रानडुक्कर तिच्या जुन्या काळ्या घोंगडीतून कापलं. साध्या सुईनं ते शिवता येईना, दोन सुया मोडल्यावर दाभण घेतलं. पाठीवरचे राठ केस कसे दाखवावे हे मला सुचत नव्हतं. आजीनं घोंगडीच्या काठाचे लोकरीचे धागे उसवले, मानेपासून शेपटीपर्यंत एकेक धागा कापडातून ओवून वर काढला आणि कात्रीनं तिरपा छाटला. हात फिरवला की ते केस उभे राहतात. सुळे तिच्या तुटलेल्या हस्तिदंती रंगाच्या बांगडीचे.

घोडा करताना आत्यानं जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. तिचं पहिलं लग्न जमता जमता मोडलं होतं. जन्मवेळ माहीत नाही म्हणून नावाच्या अक्षरावरून पत्रिका पाहिली. 'पु'वरून हस्त नक्षत्र. मुलाचं अश्विनी. पत्रिका जुळवताना प्रत्येक नक्षत्राला एका जनावराची योनी असते. अश्विनीची घोडा, हस्ताची म्हैस, आणि घोडा-म्हशीचं वैर. छत्तीसातले योनीचे गुण चार, वैर असलं की शून्य. बाकीचे गुण भरत होते, पण मुलाकडच्यांना हे निमित्त पुरलं. तेव्हापासून भावकीतल्या कोणी कोणी तिला मागं म्हैस म्हणत. काळी होती म्हणून ते आणखीनच चिकटलं. पुढं तिचं लग्न चांगल्या घरी झालं, लेक झाली १९९०मध्ये. तो पुन्हा घोड्याचाच फेरा, म्हणजे मायलेकी दोघी घोडे.

"पाह्य," आत्या म्हणाली, "ज्या घोड्यासाठी नाकारली, तेच आता मी." आणि खूप हसली.

मी तिला जपानचं सांगितलं. तिकडे अग्नी-घोड्याच्या वर्षातली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी समजूत होती. १९६६मध्ये तिथले जन्म आदल्या वर्षीपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटले, कारण आईबापांनी त्या वर्षी मूल होऊच दिलं नाही. आत्या टाका घालता घालता थांबली. "म्हंजे तिकडं असती त आलीच नसती मी." मग विचारलं, "आन यंदाच्या पोरी?"

घोडा तिच्या लग्नातल्या लाल साडीचा केला, आयाळीला तिचाच जरीचा काठ. काठ जुना, दुमडला की जर तुटायची, म्हणून आयाळ सरळच राहिली. बाबांचा उंदीर त्यांच्या राखाडी पँटीचा. माझा वाघ पिवळ्या ओढणीचा, पट्टे काळ्या नाडीचे. भावानं आधीच्या कंपनीचा टी-शर्ट घरी टाकला होता, त्यातून ड्रॅगन, त्यामुळे त्याच्या पोटावर कंपनीची अर्धी अक्षरं आली आहेत. आजीनं तो हातात धरून पाहिला आणि निकाल दिला, "हे त घोरपड हाये." आईचा ससा तिच्या पांढऱ्या परकराचा. दुसरं पांढरं काही सापडेना. यावर मोठा वाद झाला, परकर भिंतीवर टांगायचा म्हणजे काय, पण तोवर ससा कापून झाला होता.

आजीला तरी चित्र अपुरं वाटत होतं. शेतकऱ्याच्या घरात बैल नाही? आजोबा, म्हणजे आबा, जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचं साल कुठल्याच कागदावर सारखं नव्हतं. "माह्यापेक्षा धा वर्सानं मोठे," ती म्हणाली. सत्तेचाळीसमधून दहा वजा केले तर १९३७, आणि १९३७ खरंच बैल. धोतराचा पांढरा बैल झाला, शिंगं पोळ्याला रंगवतात तशी लाल. चिनी गोष्टीत देवराजानं जनावरांची शर्यत लावली तेव्हा उंदीर बैलाच्या पाठीवर बसून आला आणि शेवटी उडी मारून पहिला झाला. म्हणून बाबांना आबांच्या पाठीवर बसवलं.

मांडणी आधी वर्तुळात करणार होते. पण चिनी पद्धतीतही जुळणी आणि वैर आहेच, हे भावानं फार उशिरा सांगितलं. वर्तुळात समोरासमोर येणाऱ्यांचं पटत नाही म्हणतात, आणि उंदरासमोर येतो घोडा. बाबा आणि आत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गेल्या हंगामात तूर विकायची की धरून ठेवायची यावर दोघांनी महिनाभर अबोला धरला होता. उलट ससा आणि डुकराचं म्हणे उत्तम जुळतं. आईनं हे ऐकलं आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण म्हणतं?"

मग वर्तुळ सोडून दिलं. पोळ्याला बैल तोरणाखाली रांगेत उभे करतात तशी सगळी जनावरं एका ओळीत लावली, पुढे घोडा, शेवटी रानडुक्कर. आत्यानं मात्र हट्टानं एक म्हैस मागितली. बारांत म्हैस बसत नाही म्हटलं तर भावानं सांगितलं की व्हिएतनामच्या बारांत बैलाच्या जागी म्हैसच असते, आणि सशाच्या जागी मांजर. तेवढं कारण आत्याला पुरे झालं. तिनं छत्रीच्या काळ्या कापडातून स्वतः म्हैस कापली आणि घोड्याच्या अगदी शेजारी शिवली, तोंडाला तोंड लावून.

कापड आता आत्याच्या घरी बैठकीत आहे. आई तिकडे गेली की आल्यागेल्याला स्वतःच सशाजवळ नेते आणि सांगते, "हा माझा. सुती आहे, हात लावून बघा." कशाचा ते सांगत नाही.